राणी, सहा, चार

वसुधाताई कर्णिकांनी आयुष्यात एकदाही पैसे लावून पत्ते खेळले नाहीत. तरीही तीन पत्त्यांच्या पोकरचे त्यांच्याइतके हात खेळलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. आठवड्याचे पाच दिवस, सकाळी साडेनऊपासून, ओसाकातल्या आमच्या ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी ठेवलेल्या मशीनसमोर बसून त्या खेळायच्या. हातात पेन्सिल, मांडीवर चौकटींची वही, आणि खुर्चीवर घरून आणलेली गोधडीची घडी. कंपनीची खुर्ची त्यांना कधी मानवली नाही.

कंपनी गेम सेंटरसाठी मशीन बनवायची. इथे मॉलच्या वरच्या मजल्यांवर गेम सेंटर असतात, आणि त्यांच्या एका कोपऱ्यात मेडलचे खेळ. वाटीभर मेडल, म्हणजे धातूची टोकनं, विकत घ्यायची, मशीनमध्ये टाकून खेळायची. जिंकलेल्या मेडलांचे पैसे होत नाहीत, बक्षीस मिळत नाही, फक्त आणखी खेळता येतं. दिवसा हे कोपरे निवृत्त म्हाताऱ्यांनी भरलेले असतात. बाहेर उकाडा असो की थंडी, आत एकच हवामान. आमचं मशीन पाच खुर्च्यांचं होतं. समोर मोठ्या पडद्यावर पत्ते वाटणारी एक हसरी बाई, आणि प्रत्येक खुर्चीपुढे दोन बटणं: खेळा आणि टाका.

वसुधाताईंचं काम ते मशीन तपासणं. त्याआधी वीस वर्षं त्या ठाण्याच्या एका शाळेत गणित शिकवत होत्या. नवऱ्याची बँकेतर्फे ओसाकाला बदली झाली तेव्हा मुलीला, सईला, घेऊन आल्या, रीतसर शिकवणी लावून जपानी शिकल्या, आणि पन्नाशीला टेकताना या नोकरीला लागल्या. पुढे नवऱ्याची मुदत संपली आणि ते मुंबईला परतले. सई तेव्हा हायस्कूलच्या पहिल्या वर्षात होती. ती चौथीपासून जपानी शाळेत शिकलेली. मराठी बोलायची, पण वाचताना बोट ठेवून वाचायची. तिला तिथून उचलून मुंबईच्या कुठल्या वर्गात बसवणार? म्हणून युनिव्हर्सिटीची प्रवेशपरीक्षा होईपर्यंत मायलेकींनी इथेच राहायचं ठरलं. राहण्याची जागा कंपनीची, कंपनीशी करार दर तीन महिन्यांनी नवा. वसुधाताईंचं इथलं सगळं बिऱ्हाड त्या तीन-तीन महिन्यांच्या कागदांवर उभं होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण आम्ही एकाच इमारतीत राहायचो, आणि कराराचा कागद यायचा त्या आठवड्यात त्यांच्या घरून फोडणीचा वासदेखील जपून आल्यासारखा यायचा.

मी बायको-मुलासह पुण्याहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी मला मीटिंग रूममध्ये बसवलं. डबा बाजूला सारला, पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला आणि एका वाटीत कच्चे काबुली चणे.

"यातला एक चणा तू आधीच पुढे ठेवायचा. पत्ते न बघता. तो गेलाच असं समज."

मी ठेवला.

"आता तीन पत्ते तुला, तीन यजमानांना. यजमानांचे पालथे."

"यजमान कोण?"

"ज्यांच्या घरी आपण खेळायला आलोय ते. कॅसिनो म्हण. आत्ता मी. तुला फक्त माझ्याशी खेळायचंय. शेजारचा जिंकला काय, हरला काय, तुझा काही संबंध नाही. आणि तुमच्या तीन पत्तीसारखं डोळे वटारून मला घाबरवता येणार नाही. आता पत्ते बघ. दोनच गोष्टी करता येतात. एक तर टाकायचे, मग पहिला चणा गेला, विषय संपला. नाही तर तेवढाच आणखी एक चणा ठेवायचा आणि यजमानांना म्हणायचं, उघडा."

"मग ज्याचं मोठं तो जिंकला."

"थांब ना जरा. यजमानांकडे निदान राणी तरी पाहिजे. राणीसुद्धा नसेल तर यजमान घरी नाहीत असं धरायचं. मग पहिल्या चण्यावर तुला एक चणा मिळतो आणि दुसरा नुसता परत येतो. राणी किंवा तिच्याहून वरचं काही असेल तर मग तुलना. जिंकलास तर दोन्ही चण्यांवर मिळतात, हरलास तर दोन्ही जातात. संपला खेळ."

माझ्या हातात राणी, पंजी आणि तिर्री होती. राणी आहे की, म्हणून मी दुसरा चणा उचलला. त्यांनी माझ्या मनगटावर पेन्सिल टेकवली.

"नुसती राणी असून भागत नाही. राणी, सहा, चार. पाठ कर. एवढं किंवा याच्यावरचं असेल तर खेळायचं, याच्याखालचं टाकायचं. राजा, एक्का, जोडी आली तर विचारसुद्धा करायचा नाही."

"पण सहा आणि चारच का?"

त्यांनी वहीतली चार पानं माझ्यापुढे सरकवली. बारीक अक्षरात, शाळेतल्या फळ्यावर असावं तसं नीटनेटकं गणित. "वाच. नाही तर माझ्यावर विश्वास ठेव. दोन्ही चालतं."

"म्हणजे असं खेळलं की आपण जिंकतो?"

"छे रे. हरतोच. हळू हरतो."

एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि मला अर्धं थालीपीठ दिलं. चणे संध्याकाळी भिजत घातले गेले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी डब्यात छोले होते.

राणी-सहा-चार हे त्या ज्या सुरात म्हणायच्या तो सूर पाढ्यांचा होता. जिंकल्यावर त्यांना आनंद झालेला मी पाहिला नाही आणि हरल्यावर चुकचुकणं तर नाहीच. एकदा सलग अकरा हात टाकण्याची पाळी आली. राणी-पाच-तीन, गुलाम-नऊ-दोन, दश्शी-आठ-चार, असलंच सगळं. आम्ही मागे उभे राहून बघत होतो. माझ्यासारखी आणखी दोन पुण्याची मुलं होती तेव्हा टीममध्ये. त्यांतला एक न राहवून म्हणाला, "ताई, एकदा तरी मनाचं ऐका."

"मनाचं ऐकायला मी घरी जाते," वसुधाताई म्हणाल्या आणि बारावा हातही टाकला.

नवरा रोज संध्याकाळी फोन करायचा. एकदा मी सईच्या कॉम्प्युटरचं काहीतरी बघायला गेलो होतो, तेव्हा फोन स्पीकरवर होता. तिकडून ते चिडवत होते, "काय मग, मास्तरीणबाई, आज किती जणांना जुगार शिकवला?" यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "खेळायचं कसं ते लोकांना आपोआप येतं. टाकायचं कधी ते शिकवावं लागतं." सई खोलीतून जपानीत काहीतरी पुटपुटली. आईने विचारलं, काय म्हणालीस? "बेत्सुनी." म्हणजे काही नाही. त्या घरात हा शब्द दिवसातून वीसदा यायचा आणि त्याचे वीस अर्थ वसुधाताईंना कळायचे.

कपाळावरच्या टिकलीविषयी सांगायला हवं. गडद लाल, मखमली, चांगली ठसठशीत टिकली त्या लावायच्या. दुपारी चारच्या सुमाराला कपाळ चुळचुळायला लागलं की ती काढून मशीनच्या पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवायच्या. मग ती तिथेच राहायची, दुसऱ्या दिवशी नवी. महिन्याभरात त्या हसऱ्या बाईच्या चौकटीला लाल ठिपक्यांची किनार झाली. मोरितासान, म्हणजे आमचे सेक्शनचे साहेब, रोज तिकडे बघायचे, पण विचारायचे नाहीत. शेवटी त्यांनी मला गाठून हळूच विचारलं, त्या खुणा कसल्या, चाचणीतले दोष मोजतात का? मी कसल्या आहेत ते सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ मान हलवली. पुढे कधी मशीन हलवायची वेळ आली तर ते स्वतः कामगारांना बजावायचे, ती किनार जपून.

आमची पहिली मोठी चूक वसुधाताईंनी पकडली ती ऑफिसात अजून सांगितली जाते. कुठला हात कुठल्या हातापेक्षा मोठा, हे मशीनला शिकवण्याचं काम आम्हा तिघा पुणेकरांकडे होतं. तीन पत्ते म्हटल्यावर आम्हाला कुणी काही शिकवायची गरजच वाटली नाही. जन्मभर दिवाळीत दुसरं काय केलंय? भराभर लिहून मोकळे झालो. तिसऱ्या दिवशी वसुधाताई वही घेऊन आमच्या टेबलाशी आल्या.

"माझ्याकडे तीन नव्व्या होत्या. यजमानांकडे चौकटचे पाच, सहा, सात. मशीन म्हणतंय मी जिंकले. मी जिंकलेली नाही."

आम्ही हसलो. ज्या बाईला बदाम सात सोडून पत्त्यांतलं काही येत नव्हतं, ती आम्हाला शिकवायला आली होती. "ताई, ट्रेल सगळ्यात मोठा असतो. एकसारखे तीन पत्ते म्हणजे संपलं. त्याच्यावर काही नाही."

त्यांनी आमच्याच टेबलावरचा कागद ओढला. "एकसारखे तीन किती तऱ्हांनी येतात? तेरा प्रकारचे पत्ते, प्रत्येकाच्या चार तऱ्हा. बावन्न. एका रंगाचे ओळीने तीन? एक-दोन-तीनपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बारा ओळी, रंग चार. अठ्ठेचाळीस. जे कमी वेळा येतं ते मोठं. आणि हे असंच नियमांच्या कागदावर लिहिलंय, पान नऊ." मग चष्म्यावरून बघत, "वाचलं नाहीत ना?"

वाचलं नव्हतं. ही चूक आमच्या जपानी सहकाऱ्यांच्या हातून होणंच शक्य नव्हतं. त्यांना तीन पत्ती येत नव्हती, म्हणून त्यांनी पान नऊ वाचलं असतं. वसुधाताईंनी दोषांच्या यादीत आमची नावं घातली नाहीत. पण पुढचे आठ दिवस सकाळी आल्याबरोबर आम्हाला एकेका पानावरचे प्रश्न विचारले, उभं करून.

इमारतीतही त्यांची हीच तऱ्हा. नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी बिऱ्हाडाला त्या कचऱ्याचा तक्ता समजावून द्यायच्या: जळणारा कुठल्या वारी, प्लास्टिक कुठल्या, बाटल्या कुठल्या. मला वाटलं होतं, एवढं कोण बघतंय. एका मंगळवारी सकाळी बेल वाजली. दारात वसुधाताई, हातात माझीच कचऱ्याची पिशवी.

"बाटलीचं टोपण वेगळं. वेष्टन वेगळं. बाटली धुवून."

"ताई, तुम्ही माझी पिशवी उघडलीत?"

"उघडावी लागली नाही. पारदर्शक आहे. ती तशी का असते असं तुला वाटलं?" आवाजात राग नव्हता. पिशवी ठेवून, चप्पल सरळ करून, त्या गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यानंतर आजतागायत टोपण वेगळं.

आता शिक्क्याचं. आमच्या ऑफिसात कुठलीही गोष्ट मंजूर व्हायची तर एक कागद टेबलाटेबलावरून फिरायचा. त्यावर ओळीने चौकोन. ज्याने काम केलं त्याचा, ज्याने तपासलं त्याचा, आणि सगळ्यात डावीकडे साहेबांचा. सही नाही, प्रत्येकाने आपल्या नावाचा छोटा गोल लाल शिक्का मारायचा. जुन्या लोकांची एक रीत अशी की आपला शिक्का सरळ मारायचा नाही. जरासा डावीकडे, साहेबांच्या बाजूला कलता मारायचा. कागद पाहिला की सगळी नावं साहेबांना वाकून नमस्कार करताहेत असं दिसतं. मला कुणीतरी पहिल्या आठवड्यात सांगितलं आणि मीही वाकवायला लागलो. त्यात जातं काय?

वसुधाताईंचा शिक्का चांदीच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात असायचा, सासूबाईंकडून आलेल्या. त्यांनाही ती रीत कुणी तरी सांगितली होती. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच, "मी मुलांना वीस वर्षं सांगत आले, ताठ बसा." त्यांचा शिक्का बरोबर उभा. मोरितासान एकदा कागद पाहून सगळ्यांदेखत म्हणाले, "कर्णिकसानच्या शिक्क्याची बसण्याची ढब चांगली आहे." टोमणा होता की कौतुक ते कुणालाच कळलं नाही. वसुधाताईंनी कौतुक धरलं आणि आभार मानले.

दिव्याची कल्पना त्यांची होती. पहिलं मशीन एका गेम सेंटरमध्ये बसवलं तेव्हा आम्ही दोघं पाहायला गेलो होतो. एक आजी खेळत होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या एकही हात टाकत नव्हत्या. सत्ती-चौकी-दुर्री आली तरी दुसरं मेडल घालून "उघडा" म्हणायच्या. वसुधाताईंनी वाकून विचारलं, आजी, टाकत का नाही? आजी म्हणाल्या, समोरच्या बाईने एवढे हसून वाटलेले पत्ते, न खेळता परत कसे करायचे? बरं दिसत नाही.

परतताना ट्रेनमध्ये त्यांनी वही उघडली आणि मिटली. मग म्हणाल्या, "त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे की टाकलं तरी चालतं." दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी मांडलं: दोन्ही बटणांवर एकेक बारीक हिरवा दिवा ठेवू. तुरीच्या डाळीएवढा. जे करणं शहाणपणाचं तो दिवा लागेल. ज्याला ऐकायचं तो ऐकेल. मोरितासानना ते आवडलं. सल्ल्याच्या दिव्याचा प्रोग्रॅम मी लिहिला. राणी-सहा-चारच्या वर खेळाचा दिवा, खाली टाकायचा. वसुधाताईंनी आठवडाभर तो तपासला आणि वहीत बरोबरच्या खुणा करताना त्या चक्क गुणगुणत होत्या. आमच्या आजींनीही पुढे पत्ते टाकायला सुरुवात केली. मशीननेच सांगितलं म्हटल्यावर त्यांचा संकोच गेला. त्या दर रविवारी येतात, वाटी पूर्वीच्या दुप्पट वेळ पुरते, असं वसुधाताईंनी मला मोठ्या समाधानाने सांगितलं. त्या स्वतः जाऊन बघून आल्या होत्या.

नेमकी तीच अडचण झाली. मशीन घेणाऱ्यांच्या तक्रारी आल्या. तीनातला साधारण एक हात लोक टाकून देतात, खेळ थंड पडतो, मेडल खपत नाहीत. नोव्हेंबरात मोरितासाननी मला बोलावलं. खेळाचा दिवा यापुढे गुलामापासून लागावा. मी म्हटलं, गुलामावर खेळणं चूक आहे, यजमानांनी राणी उघडली की गुलाम मेलाच. ते म्हणाले, हो का, आणि माझ्याकडे बघत राहिले. एका ओळीचा बदल होता. दुपारच्या चहाआधी मी तो केला. कागदावर शिक्का मारला, वाकवून, आणि पुढे दिला. मला त्या वेळी फारसं काही वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

कागद वसुधाताईंच्या टेबलावर गेला. त्या उठल्या आणि मोरितासानकडे गेल्या. जपानी त्या फार शुद्ध बोलायच्या, पुस्तकातलं.

"दिवा खोटं सांगेल."

"कर्णिकसान, हा जुगार नाही. मेडलांचे पैसे होत नाहीत. कुणाचं काही नुकसान नाही."

"नुकसान नाही तर मग खोटं कशासाठी सांगायचं?"

मोरितासान दातांतून हवा आत ओढत म्हणाले, अवघड आहे. इथे एवढं म्हटलं की बोलणं संपलेलं असतं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याही वर चौकोन होते.

कागद चार दिवस वसुधाताईंच्या ड्रॉवरमध्ये राहिला. कुणी मागितला नाही. पण सगळ्या मजल्याला ठाऊक होतं की तो तिथे आहे. तिसऱ्या दिवशी करार पाहणारी बाई आली, जानेवारीपासूनच्या तीन महिन्यांचं बोलायला. दहा मिनिटं बसली, हसत होती, आणि जाताना म्हणाली की या वेळी वरून अजून होकार आलेला नाही, थोडं थांबू या. सईची परीक्षा फेब्रुवारीत. डिसेंबरअखेर जागा सोडावी लागली असती तर ती परीक्षा मुंबईतल्या कुठल्या टेबलावर देणार होती? त्या संध्याकाळी मी त्यांच्या दारावरून गेलो. आत सई मोठमोठ्याने काहीतरी पाठ करत होती, जपानीत, न थांबता. वसुधाताई बाहेर पॅसेजमध्ये उभ्या होत्या, हातात रिकामी बादली.

"आत अभ्यास चाललाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, व्यत्यय नको."

मी विचारलं, काय ठरवलंत? त्या म्हणाल्या, "इतके दिवस मी सांगत आले ना, वाईट हात आला की टाकावा. पण तेव्हा पुढे ठेवलेला चणा असायचा रे."

पाचव्या दिवशी सकाळी कागद मोरितासानच्या टेबलावर होता. मला तो फाइलला लावायचा होता म्हणून मी पाहिला. वसुधाताईंच्या चौकोनात शिक्का होता. कलता. डावीकडे, साहेबांकडे, माझ्या शिक्क्याहूनही जास्त वाकलेला. मला फार वाईट वाटलं. शिक्का न मारता त्या घरी गेल्या असत्या तर वाटलं नसतं इतकं वाईट वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी डबा उघडला, नेहमीप्रमाणे अर्धं माझ्याकडे केलं.

"तुझाही शिक्का आहे त्याच्यावर," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग दोघांनी मिळून केलंय." आणि जेवायला लागल्या.

त्यानंतर नियमच बदलल्यामुळे, गुलामावर हिरवा दिवा लागला की त्यांना वहीत बरोबरची खूण करावी लागे. त्या करत. दिवसाला शंभरदा तरी. गुणगुणणं मात्र बंद झालं. दुपारी टिकली काढून त्या आता पडद्यावर चिकटवत नसत. पर्समध्ये ठेवत.

करार झाला. सई पास झाली. त्सुकुबाच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसुद्धा. निकाल फोनवर दिसला तेव्हा मायलेकी आमच्याकडे आल्या होत्या. माझी बायको साखर आणायला आत गेली. सई आईच्या गळ्यात पडली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, झालं. झालं आपलं." वसुधाताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, एकसारखा, आणि खिडकीबाहेर बघत होत्या. मार्चनंतरचा करार त्यांनी स्वतःहून घेतला नाही. कचऱ्याचा तक्ता आणि चण्यांची वाटी मला दिली. ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी मोरितासाननी फुलं दिली, त्यांनी वाकून घेतली.

त्यांच्या विमानाच्या आदल्या रविवारी, दुपारी, मी मुलासाठी बूट घ्यायला मॉलमध्ये गेलो होतो. बायको आणि मुलगा दुकानात रमले, म्हणून तिसऱ्या मजल्यावर सहज चक्कर मारली. आमचं मशीन तिथे होतं. पाचही खुर्च्या भरलेल्या, आणि मागे पाठ ताठ ठेवून वसुधाताई उभ्या. हातात टिकल्यांचं पाकीट. त्या आजी पहिल्या खुर्चीवर होत्या. वसुधाताईंनी एक टिकली सोडवली, वाकल्या, आणि आजींपुढच्या खेळाच्या बटणावरच्या हिरव्या दिव्यावर अंगठ्याने दाबून बसवली. मग दुसरी टिकली, टाकायच्या दिव्यावर. म्हाताऱ्यांना हे नवीन दिसलं नाही. दर रविवारी चालत असणार. आठवडाभरात साफसफाईवाले काढून टाकत असतील आणि त्या पुन्हा लावत असतील.

"दिव्याकडे बघायचं नाही," त्या वर्गात बोलावं तशा जपानीत म्हणाल्या. "काय पाठ केलंय?"

पाच म्हातारे एका सुरात म्हणाले, "राणी, सहा, चार." टोपी घातलेले एक आजोबा अर्ध्या सेकंदाने मागे होते.

आजींनी पत्ते पाहिले. गुलाम, नव्वी, पंजी. टिकलीच्या कडेने दिव्याचा हिरवा धागा दिसत होता. त्यांनी पडद्यावरच्या हसऱ्या बाईपुढे किंचित मान लववली आणि टाकायचं बटण दाबलं.

मी मागच्या मागे निघणार होतो. दुसऱ्याच्या बाटलीचं टोपणसुद्धा वेगळं करायला लावणारी बाई दुसऱ्याच्या मशीनवर टिकल्या चिकटवत होती. ते मी पाहिलेलं त्यांना आवडेल की नाही, कळेना. तेवढ्यात त्या वळल्या. दचकल्या नाहीत. माझ्याकडे एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि पाकीट पुढे केलं.

"पलीकडच्या दोन खुर्च्या राहिल्यात."

मी गेलो. टोपीवाल्या आजोबांनी हात जरा बाजूला घेतला. एक टिकली सोडवून मी दिव्यावर ठेवली.

"नीट दाब," मागून वसुधाताई म्हणाल्या. "सुटतात."